ही शाळा विकायची नाही

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात आलो तेव्हा माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात नऊ वर्षं मी एका लहानशा जाहिरात संस्थेत मजकूर लिहायचे. साडीची दुकानं, बिल्डर, दहावीचे क्लास, एक मसालेवाले. इथल्या कॅरी या शहरात आल्यावर नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा, मुलगी शाळेत जायची आणि मी घरात एकटी. पहिल्या वर्षात तर मी शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर वाचून मनात दुरुस्त करत बसायचे. दुसरं काही वाचायला नव्हतं असं नाही, पण हात शिवशिवायचे.

मुलगी आधी घराजवळच्या मोठ्या शाळेत होती. शाळा चांगलीच होती, पण मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी आली की दप्तर टाकून माझ्याशी मराठीत तासभर बडबडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुकी. मग कुणीतरी एका चार्टर शाळेबद्दल सांगितलं. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण आपला कारभार आपणच बघणारी शाळा. प्रवेशाला परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात, इतकंच. कॅरीपासून पंधरा-वीस मिनिटांवरच्या एका छोट्या गावात, एका चर्चच्या तळघरात ही शाळा भरत होती. तिथं गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बाईंचा फोन आला की तुमची मुलगी वर्गात फार वाद घालते. मी फोन ठेवला आणि आनंदानं रडले.

आमच्या ओळखीच्या मराठी लोकांना हे काही पटलं नव्हतं. ती मंडळी शाळांना मिळालेले गुण बघून, कुठलं घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते नकाशावर बघून घरं घेत. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये मुलाकडे राहायला आलेल्या नागपूरच्या एक काकू होत्या. आमची शाळा चर्चमधून निघून एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात गेली तेव्हा त्या मला तोंडावर म्हणाल्या, "अगं, साता समुद्रापार आलात ते काय पोरीला गोदामात बसवायला?"

ते गोदामच होतं. उंच छत, खिडक्या जवळजवळ नाहीत, मागच्या बाजूला ट्रक लावायचा सिमेंटचा चौथरा. त्या उन्हाळ्यात आम्ही पालकांनी मिळून भिंती उभ्या करायला मदत केली, रंग दिला. तिसरीच्या वर्गाची पिवळी भिंत माझी. मागच्या चौथऱ्याचा रंगमंच झाला. सोफे ठेवायच्या जागेत वाचनालय आलं. ऑगस्टात मुलं आत शिरली तेव्हा एक पहिलीतली मुलगी मोठ्यानं म्हणाली होती, "हे सगळं आपलं?"

ही गोष्ट त्यानंतरच्या जानेवारीतली. दोन हजार चार किंवा पाच साल असेल. शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी पालकांची सभा बोलावली. त्या साठीच्या, उंच, कृष्णवर्णीय बाई. आयुष्यभर त्याच भागातल्या सरकारी शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या आणि मग स्वस्थ न बसता ही शाळा काढलेल्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे. सुरुवातीला त्या हसायच्या, नंतर त्यांना सवय झाली.

मॅडमनी सरळ सांगितलं, "शाळा पाचवीपर्यंत आहे. पुढच्या वर्षी सहावी काढायची आपली इच्छा आहे. पण फेब्रुवारीअखेर पुरेसे अर्ज आले नाहीत, तर शाळेचं संचालक मंडळ परवानगी देणार नाही. आपल्या पाचवीतल्या मुलांना मग दुसरीकडे जावं लागेल."

माझी मुलगी पाचवीत होती.

"त्यासाठी आपण ओपन हाउस करू या," त्या पुढं म्हणाल्या. "ही इमारत आपण हातांनी उभी केली, तिचा सोहळाही झाला नाही अजून. एक शनिवार ठरवू. सगळ्या गावाला बोलावू. येऊन बघू देत. प्रसिद्धीचं काम कोण बघेल?"

सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. माझा हात वर कसा गेला ते मला माहीत नाही. "मी भारतात जाहिराती लिहायचे," असं मी इतक्या हळू म्हणाले की मॅडमनी कानामागे हात धरला. मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "आई, यू ॲक्च्युअली रेज्ड युअर हँड!"

"हो ना," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. किती दिवसांनी वहीत ओळी खरडल्या! पत्रक लिहिलं, ते मॅडमनी तपासलं, मुलीच्या बाईंनी छापून दिलं. लायब्ररी, लाँड्री, न्हाव्याचं दुकान, इंडियन ग्रोसरीवाला, जिथं जिथं फळा दिसला तिथं तिथं मी पत्रक लावलं. पण मनातून मला माहीत होतं की हे पुरणार नाही. पुण्यात माणसं चालत जातात, बसस्टॉपवर उभी असतात, टपरीवर चहा पितात, भिंतीवरचं वाचतात. इथं रस्त्यावर माणूसच नसतो. गावचं गाव गाडीत बसलेलं. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर रस्त्याच्या कडेलाच काहीतरी लावायला हवं.

आणि मला एकदम आठवलं. रविवारी दुपारी आम्ही नवराबायको गंमत म्हणून विकायला काढलेली घरं बघायला जायचो. घर घ्यायची ऐपत नव्हती, पण कुणी अडवायचं नाही, शिवाय आत बिस्किटं ठेवलेली असायची. तिथं कसे जायचो? चौकाचौकात लाल पाटी रोवलेली असायची, मोठ्या पांढऱ्या अक्षरात 'ओपन हाउस', आणि खाली बाण. बाणामागून बाण धरत लोक बरोबर दारात पोचायचे.

हार्डवेअरच्या दुकानात तशा पाट्या तयार मिळत होत्या. मी डझनभर आणल्या. प्रत्येकीवर बाणाच्या खाली मोकळी पट्टी होती, तिथं मी शाळेचं नाव, वार आणि वेळ काळ्या मार्करनं सुबक अक्षरात लिहिली. नवऱ्यानं आणि मी सोमवारी सकाळी, त्याच्या ऑफिसच्या आधी, गावातल्या सगळ्या मोठ्या चौकांत त्या रोवल्या. शनिवारला पाच दिवस होते. परतताना मला वाटलं, झालं, आता गाव चालून येतंय.

मंगळवारी सकाळी शाळेतून फोन आला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा इकडे येता का? एक माणूस आलाय. तो इमारतीची किंमत विचारतोय."

मुलीच्या शाळेसाठी घेतलेली जुनी गाडी काढून मी पोचले तोवर तो माणूस गेला होता, पण आणखी दोघांचे फोन येऊन गेले होते. त्याहून वाईट म्हणजे दुपारी मुलांना घ्यायला येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत पालक खिडक्या खाली करून एकमेकांना विचारत होते: शाळा विकताहेत का? बंद होतेय का? एक आई तर रडवेली होऊन उतरली. "आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. ती रोज शाळेजवळच्या मोठ्या चौकातून जाणारी. तिनं पाटी बघितली होती, बाण बघितला होता. बाण आमच्या इमारतीकडे जात होता.

मी गाडीत बसले आणि स्वतः त्या चौकातून गेले. ताशी पंचेचाळीस मैलांनी जाताना दिसत होतं ते एवढंच: ओपन हाउस, बाण. माझं सुबक अक्षरातलं शाळेचं नाव म्हणजे एक काळी रेघ. हातात पेपर धरून निवांत वाचणाऱ्या माणसासाठी नऊ वर्षं लिहिलेलं. पळत्या गाडीतल्या माणसाला किती दिसतं, याचा मी विचारच केला नव्हता.

संध्याकाळी मंडळातल्या एका गृहस्थांनी मॅडमना फोन करून बरंच सुनावलं. आणि बुधवारी सकाळी गावच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावरचा निवेदक बातम्या सांगता सांगता हसत म्हणाला की जुनं फर्निचरचं दुकान पुन्हा बाजारात आलेलं दिसतंय, म्हणजे ती शाळा गुंडाळली म्हणायची. नवऱ्यानं ते गाडीत ऐकलं आणि मला ऑफिसातून फोन केला. त्यानं काही टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, "तू आधी मॅडमना भेट."

मी गेले. त्यांच्या खोलीत उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, माझी चूक आहे. मी सगळ्या पाट्या आत्ता काढून आणते. प्रसिद्धीचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. ज्याला इथलं कळतं अशा कुणाला."

त्यांनी चष्मा काढला. "बस आधी. मला एक सांग, आज गावात लोक कशाबद्दल बोलताहेत?"

"आपल्या शाळेबद्दल. पण..."

"तीन वर्षं मी या गावाला सांगतेय की इथं एक शाळा आहे. कुणी मान वर करून बघितलं नाही. तू दोन दिवसांत अख्ख्या गावाला बोलायला लावलंस." त्या आता हसत होत्या. "लक्ष आपल्याकडे आलंय. आता त्यांना खरं काय ते सांगायचं, एवढंच राहिलं. पाट्या काढू नकोस. दुरुस्त कर. आणि रेडिओवाल्याला मी फोन केलाय. उद्या सकाळी तो पाच मिनिटं देतोय. तू जायचंस."

"मी? मॅडम, माझं इंग्लिश..."

"तुझं इंग्लिश मला कळतं. त्यालाही कळेल. पाटी तू लावलीस ना? मग तूच सांग."

त्या दुपारी पाट्यांचं काम पाचवीच्या वर्गानं हातात घेतलं. वर्गाच्या बाई गणिताच्या. त्या म्हणाल्या, "किती मोठं अक्षर किती लांबून दिसतं, हे मोजूनच बघू या." मुलांनी जाड पुठ्ठ्यातून वेगवेगळ्या मापांची अक्षरं कापली. निम्मी मुलं अक्षरं घेऊन पार्किंगच्या एका टोकाला उभी राहिली, निम्मी दुसऱ्या टोकाला. तिथून एक-एक पाऊल पुढं येत ओरडून सांगायची, "आता दिसलं! नाही, ते बी आहे का आठ?" माझी मुलगी वहीत आकडे टिपत होती आणि एका मुलाशी तावातावानं भांडत होती की तो डोळे किलकिले करून बघतोय, ते मोजायचं नाही. शेवटी एक माप ठरलं. त्या मापाची अक्षरं कापून, पिवळी रंगवून मुलांनी प्रत्येक पाटीवरच्या 'हाउस'वर 'स्कूल' चिकटवलं. ओपन स्कूल. आणि खालच्या पट्टीवर नुसतं 'शनिवार'. बाकी सगळं गाळून टाकलं. माझ्या सुबक ओळी गेल्या, पण मला जराही वाईट वाटलं नाही. इतकी नेमकी जाहिरात मी पुण्यात कधी केली नव्हती.

गुरुवारी सकाळी मी रेडिओ केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी कागदावर मजकूर लिहून नेला होता, पाठही केला होता. निवेदक पन्नाशीचा, ढेरपोट्या, खुशालचेंडू माणूस. त्यानं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले, लाल दिवा लागला आणि तो म्हणाला, "तर बाई, किती म्हणताय तुम्ही त्या इमारतीचे?"

हे माझ्या कागदावर नव्हतं. मग मी कागद पालथा ठेवला.

"विकायला काहीच नाही," मी म्हणाले. "पाटी मी लावली. मी भारतातून आलेय. तुमच्याकडे ओपन हाउस म्हटलं की लोक येतात, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही येणार, याची मला खात्री होती. किंमत विचारत येणार, हे मात्र माहीत नव्हतं."

तो खदाखदा हसला. मला धीर आला. मी सांगत गेले. माझी मुलगी वर्षभर गप्प होती आणि आता बाई तक्रार करतात इतकी बोलते, हे सांगितलं. भिंती आम्ही रंगवल्या, हे सांगितलं. सरकारी शाळा आहे, फी नाही, परीक्षा नाही, कुणाचंही मूल येऊ शकतं, हे सांगितलं. "शनिवारी दहा वाजता या," मी म्हणाले. "मुलं तुम्हाला शाळा दाखवतील. खायलाही आहे."

"काय आहे खायला?"

"सामोसे," मी म्हणाले, आणि म्हणताना लक्षात आलं की सामोसे कुणीच करणार नव्हतं.

दिवा विझल्यावर निवेदक म्हणाला, "मी इथं वीस वर्षं आहे. असा पाहुणा रोज मिळाला तर काय हवं!" मी जिना उतरले ते दोन-दोन पायऱ्या गाळत. खाली टायरवाला दारात उभा होता. त्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. त्यानं हात वर करून विचारलं, "शनिवारी दहा ना?"

सामोशांचं काम काकूंनी केलं. मला वाटलं होतं त्यांना विचारायलाच नको. पण त्यांच्या मुलानंही रेडिओ ऐकला होता, त्यानं घरी सांगितलं, आणि शुक्रवारी दुपारी काकू स्वतःच माझ्या दारात उभ्या. "इतक्या लोकांना जेवायला बोलावून बसलीस, आणि घरात मैदा तरी आहे का?" त्यांनी पदर खोचला. कॉम्प्लेक्समधल्या आणखी दोघींना बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या सारणाचा डोंगर होता आणि काकू मला लाटायला बसवून म्हणत होत्या, "कडा नीट दाब. तेलात उघडला तर लोक हसतील. भारताचं नाव जाईल."

शनिवारी साडेनऊला पार्किंगमध्ये आमच्याच गाड्या होत्या. पावणेदहालाही आमच्याच. मी दारात उभी राहून चौकाकडे बघत होते, आणि मॅडम माझ्या शेजारी, निळा कोट, मोत्यांची माळ. "थंडी आहे," मी म्हणाले. "लोक उशिरा निघत असतील."

"हो," त्या म्हणाल्या. त्याही चौकाकडेच बघत होत्या.

मग एक गाडी वळली. तिच्यामागे दुसरी. मग एक लाल ट्रक, तो टायरवाला, शेजारी बायको आणि मागे दोन मुली. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. सव्वादहाला पार्किंग भरलं. लोक रस्त्याच्या कडेला गवतावर गाड्या लावून चालत येऊ लागले. त्या गावात माणसं रस्त्यानं चालताना मी पहिल्यांदाच बघत होते.

प्रत्येक कुटुंबाबरोबर एक मूल वाटाड्या म्हणून जायचं, असं ठरलं होतं. मुलं कमी पडली. मग एकेक मूल तीन-तीन कुटुंबांना घेऊन निघालं. एक म्हातारं जोडपं नुसतंच इमारत बघायला आलं होतं. लग्नानंतर पहिला पलंग त्यांनी याच दुकानातून घेतला होता. आजोबा म्हणाले, "पलंग तिकडे मागे असायचे." माझी मुलगी त्यांना तिकडे मागे घेऊन गेली. तिथं आता विज्ञानाची खोली होती, आणि चौथीतली मुलं लिंबाच्या रसावर घड्याळ चालवून दाखवत होती. आजी घड्याळाकडे बघत कितीतरी वेळ तिथंच उभ्या राहिल्या. निघताना त्यांनी दोन नातवंडांसाठी दोन अर्ज मागून घेतले.

एक बाई हॉटेलातल्या कामाच्या गणवेशातच आली होती, बरोबर सहावीत जाणारी मुलगी. तिनं मला विचारलं, "फी किती?"

"नाही. फी नाही."

ती सगळी शाळा बघून परत आली. "पहिल्या वर्षी नाही, पण नंतर?"

"नंतरही नाही."

ती अर्ज भरायला बसली, अर्ध्यावर पेन थांबवलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिची मुलगी तोवर आमच्या पाचवीच्या मुलींबरोबर वाचनालयाच्या गालिच्यावर बसून गप्पा मारत होती. बाईनं उरलेला अर्ज एका दमात भरला आणि सही करताना इतका जोर दिला की कागदाला भोक पडलं.

सामोसे अकराच्या आत संपले. काकूंनी आतून दुसरं ताट आणलं, तेही संपलं. एका चौथीतल्या मुलानं काकूंचा हात धरून त्यांना सगळी शाळा फिरवली. त्याला मराठी येत नव्हतं, त्यांना इंग्रजी जेमतेम. तरी परत आल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "आपल्या मराठी मंडळात ते दोघे नवीन आलेत ना पुण्याचे, लहान मुलं आहेत त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांना मी सांगते या शाळेचं. माझं ऐकतील." गोदामाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही.

बाराच्या सुमाराला ऑफिसातल्या बाई धावत आल्या. अर्जाचे कागद संपले होते. त्यांनी कॉपी मशीनवर आणखी काढले, मशीन गरम होऊन बंद पडलं, तेव्हा लोक कोऱ्या कागदावर नाव, पत्ता आणि मुलाची इयत्ता लिहून देऊ लागले. मंडळातले ते गृहस्थ, ज्यांनी मॅडमना सुनावलं होतं, टेबलापाशी बसून लोकांना पेनं पुरवत होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पण तीच चूक करा."

मागच्या चौथऱ्यावर मुलांनी गाणी म्हटली, आणि मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी दोनच मिनिटं भाषण केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "या इमारतीत आधी लोक झोपायच्या आणि बसायच्या वस्तू घ्यायला यायचे. आता इथं कुणी झोपत नाही, आणि ही मुलं एका जागी बसत तर मुळीच नाहीत." टाळ्यांनी पत्र्याचं छत थरथरलं. नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्याला अशी शिट्टी येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी सगळ्या मुलांना चौथऱ्यापुढं जमवलं आणि मलाही बोलावून घेतलं. सहावीच्या जागांपेक्षा अर्ज जास्त आले होते. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागणार होत्या. "आपल्या पाचवीतल्या कुणालाही कुठं जायला नको," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या शाळेत सहावी आहे."

पाचवीची सगळी रांग एकदम उठली. मुलं किंचाळत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. एकानं बूट काढून हवेत उडवला आणि तो छताच्या दिव्यात अडकला. माझी मुलगी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे पळत आली आणि सगळ्या शाळेसमोर मराठीत ओरडली, "आई, मी इथंच आहे!"